श्यामच्या आईला काय हवे होते?

(गोंदिया जिल्ह्यातील महिला मंडळांच्या कार्यकर्त्या आणि प्राथमिक शिक्षिका यांच्या एकत्रित शिबिरात केलेले भाषण. थोडे संपादित करून.)



शिबिराच्या पत्रिकेत माझा विषय ‘प्राथमिक शाळेतील मुले आणि कादंबरीतील पात्रे’ असा छापला आहे. तो वाचून मंडळाच्या काही जणींना वाटले असेल की दारू, मारहाण, बचत गटाची कर्जे, सातबाऱ्यावर बाईचे नाव हे सगळे बाजूला ठेवून आज हे शाळेतले काय काढले? शिक्षिका मैत्रिणींना उलट वाटले असेल की पाठाखालचे स्वाध्याय आम्ही रोजच घेतो, त्यात महिला मंडळाचे काय काम? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. चौथी-पाचवीतले मूल पुस्तकातल्या बाईकडे कसे पाहायला शिकते, त्यावर ते घरातल्या बाईकडे कसे पाहील हे पुष्कळसे अवलंबून असते. आणि ते मूल मुलगी असेल, तर ती स्वतःकडे कसे पाहील हेही. म्हणून हा विषय आपल्या दोघींचा आहे.

आधी आज वर्गात काय होते ते पाहू. पाठ वाचून होतो. मग रिकाम्या जागा भरा, कोण कोणास म्हणाले, एका वाक्यात उत्तरे लिहा, आणि शेवटी अमक्या पात्राची स्वभाववैशिष्ट्ये लिहा. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांकडे तयारच असते. आईचे पात्र असेल तर ‘प्रेमळ, कष्टाळू, त्यागी, सोशीक’. वडील असतील तर ‘कडक पण मनाने प्रेमळ’. सासू असेल तर ‘खाष्ट’. देवरी आणि सालेकसा या तालुक्यांतल्या काही शाळांत मी वाचनाचे तास घेते. तिथे मी एक साधा प्रयोग करते. मुलांनी लिहिलेल्या उत्तरातले पात्राचे नाव झाकते आणि दुसऱ्या गटाला विचारते की हे कुणाचे वर्णन आहे? कुणी जिजाबाई म्हणते, कुणी सावित्रीबाई, कुणी श्यामची आई, कुणी थेट ‘माझी माय’. चारही उत्तरे बरोबर ठरतात, कारण वर्णन कुणाचेच नसते. राज्य चालवणारी जिजाबाई, शेणगोळे झेलत शाळेत जाणारी सावित्रीबाई आणि कोकणातल्या कर्जबाजारी घरातली एक गृहिणी या तिघी जर एकाच चार शब्दांत बसत असतील, तर मुलांना त्यांतली एकही कळलेली नाही.

यात दोष मुलांचा नाही. त्यांना पात्रे भेटतात ती मुख्यतः टीव्हीवरच्या मालिकांतून आणि आपल्याकडे दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत होणाऱ्या दंडारीतून, रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांतून. ही नाटके मलाही आवडतात, त्यांची ताकद मोठी आहे. पण त्यांतल्या पुष्कळ बायका ठरावीक असतात. एक रडणारी, सहन करणारी, शेवटी सगळ्यांना क्षमा करणारी. दुसरी घर फोडणारी. मुलांच्या मनात बाईचे हे दोन साचे पक्के बसतात. मग खऱ्या आयुष्यात एखादी बाई सहन करायचे नाकारते, तेव्हा ती पहिल्या साच्यात बसत नाही आणि आपोआप दुसऱ्यात ढकलली जाते. आपल्याकडे तक्रार घेऊन आलेल्या बाईला तिचाच पोरगा ‘तूच घर फोडलीस’ म्हणतो, हे आपण किती वेळा ऐकले आहे!

आणि गोष्टींमधून तिसराही एक साचा मिळतो, चेटकिणीचा. एकटी, म्हातारी, थोडी तिरसट बोलणारी, गावाच्या कडेला राहणारी बाई म्हणजे चेटकीण. पूर्व विदर्भात जादूटोण्याच्या संशयावरून बायकांना झालेली मारहाण आपल्याला माहीत आहे. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो अशा प्रथांचे बळी पाहूनच. पण कायदा गुन्हा घडल्यावर येतो. त्या म्हातारीला पाहिल्यावर ‘ही एकटी का राहते? हिची माणसे कुठे गेली? हिला रात्री भीती वाटत असेल का?’ हे प्रश्न मनात येण्याची सवय मात्र दहाव्या वर्षी लागू शकते. पात्र समजून घेणे म्हणजे याहून वेगळे काही नाही.

मी या कामासाठी ‘श्यामची आई’ हे पुस्तक घेते. का, ते सांगते. एक तर ते जवळजवळ प्रत्येक शाळेच्या कपाटात असते. दुसरे, त्याची रचना सोयीची आहे. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात असताना लिहायला घेतले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आश्रमातला श्याम रोज रात्री मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री त्यात आहेत. एक रात्र म्हणजे एक प्रकरण. ते मोठ्याने वाचायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. कादंबरी म्हटली की चौथीचे मूल घाबरते, पण ‘आज एकच रात्र वाचायची’ म्हटले की बसते.

तिसरे कारण महत्त्वाचे आहे. या पुस्तकाबद्दल आपल्या चळवळीत एक नाराजी आहे, आणि ती मला समजते. त्यागमूर्ती आई, स्वतःसाठी काहीच न मागणारी आई, हे चित्र या पुस्तकाच्या नावावर महाराष्ट्रात ८०-९० वर्षे मिरवले गेले. आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि ते चित्र घराघरांत पोचले. वक्तृत्व स्पर्धांनी तर त्याचे पाठांतरच करून टाकले. पण पुस्तक उघडून वाचले की त्यात एक वेगळीच बाई दिसते. ती चिडते, हट्ट धरते, मुलाला बायकांचे काम सांगते, दारात आलेल्या वसुलीच्या माणसाला सुनावते. ही बाई वक्तृत्व स्पर्धेत येत नाही. मुलांना ती शोधून काढायला लावायची, एवढेच मी करते.

एक अडचण मात्र आहे. ही कथा कोकणातल्या पालगडच्या ब्राह्मण घरातली आहे, आणि आपली मुले पोवारी, गोंडी, हिंदी, झाडीबोली बोलणारी, धानाच्या बांध्यांतली आणि जंगलाकाठची. त्यांनी समुद्र पाहिलेला नसतो. ‘आई’ हा शब्दसुद्धा त्यांच्यासाठी पुस्तकातला, घरी ती ‘माय’ असते. म्हणून पहिल्या दिवशी मी पुस्तक उघडतच नाही. मुखपृष्ठ दाखवते आणि विचारते, या बाईचे नाव काय? मुले म्हणतात, ‘श्यामची आई’. मी म्हणते, ते झाले नाते, नाव काय? साने गुरुजींच्या आईचे नाव यशोदा होते, हे मग मी सांगते. तुमच्या गावात बायकांना काय म्हणून हाक मारतात? ‘राजूची माय’, ‘पाटलीण’, ‘मास्तरीण’. आपल्या आजीचे नाव ठाऊक नसलेली मुले प्रत्येक वर्गात चार-पाच तरी निघतात. गृहपाठ एवढाच द्यायचा की आजीचे नाव विचारून या. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आईचे नाव लावणे सक्तीचे केले आहे. चांगली गोष्ट आहे. पण नाव कागदावर येणे आणि ती बाई मुलाच्या डोळ्यांपुढे येणे या दोन गोष्टींत अंतर आहे, आणि ते शाळेने भरून काढायचे आहे.

आता प्रत्यक्ष वाचनाकडे येते. मी पाच प्रश्न ठरवले आहेत. पात्र काय करते? काय बोलते? काय बोलत नाही? तिला काय हवे आहे? आणि तिला दुसरे काय करता आले असते, की सगळ्या वाटा बंद होत्या? नियम एकच. उत्तर देताना पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवायचे. ‘मला वाटते’ चालेल, पण ‘कशावरून वाटते’ तेही सांगायचे. आणि पहिल्या आठवड्यात ‘प्रेमळ’ आणि ‘त्यागी’ या दोन शब्दांना वर्गात बंदी.

पहिल्याच रात्रीचे प्रकरण घ्या. आईला वटसावित्रीचे व्रत करायचे आहे, पण ती तापाने आजारी आहे. वडाला प्रदक्षिणा घालायला ती श्यामला पाठवू पाहते. श्याम लाजतो, मुले हसतील म्हणतो. आई त्याला समजावते की आईचे काम करण्यात कसली लाज. एरवी वर्गात यावर उत्तर लिहून घेतात की ‘श्याम आज्ञाधारक होता’. पण तो आधी नाही म्हणाला होता ना? मग नाही का म्हणाला? आमच्या वर्गातला एक मुलगा पटकन म्हणाला, ‘पोट्टे हासतीन ना मॅडम!’ मग कळले की तो स्वतः घरी भांडी घासतो, पण दार लावून घासतो. त्याच्या तोंडून हे निघाल्यावर आणखी तिघांनी हात वर केले. एक विहिरीवरून पाणी आणतो, पण अंधार पडल्यावर. श्यामची लाज ही श्यामची एकट्याची नाही, ती कुणीतरी शिकवलेली आहे, हे मुलांनीच शोधले. मी त्यांना लिंगभावावर व्याख्यान दिले असते, तर दोन मिनिटांत जांभया आल्या असत्या.

मग दुसरा प्रश्न, आईला कशाची भीती होती? अंगात ताप असताना तिला व्रताची एवढी काळजी का? एक मुलगी म्हणाली, ‘व्रत मोडलं तं नवऱ्याले काही होईन म्हणून.’ दुसरी म्हणाली, ‘नाही, बायका बोलतीन म्हणून.’ दोघींचा वाद झाला. मी निकाल दिला नाही. पुस्तकात दोघींना आधार सापडतो का, ते पाहायला सांगितले. शिक्षिका मैत्रिणींना मी आवर्जून सांगेन की हा वाद मिटवायची घाई करू नका. एकाच पात्राच्या मनात दोन गोष्टी असू शकतात, हे कळणे हाच त्या तासाचा धडा आहे.

दुसरे प्रकरण ‘अळणी भाजी’. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, त्यांचे पाहून मुलेही गप्प जेवतात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते. हे प्रकरण शाळेत वडिलांच्या मोठेपणाचे आणि समंजसपणाचे उदाहरण म्हणून शिकवतात, आणि ते आहेही. बाईच्या चुकीवर न ओरडणारा पुरुष मुलांना दिसला पाहिजे. पण ‘पात्र काय बोलत नाही’ हा प्रश्न इथे विचारा. वडील बोलले नाहीत ते एका कारणासाठी. मुले बोलली नाहीत ती कशासाठी? वडील बोलले नाहीत म्हणून की आईला वाईट वाटेल म्हणून? गप्प बसण्याचेही प्रकार असतात, हे मुलांना तेव्हा उमगते.

आणि मग एक मुलगी म्हणाली, ‘मायनं सगळ्यात शेवटी खाल्लं म्हणून तिले मालूम नाही पडलं. पहिले खाल्लं असतं तं समजलं असतं.’ एवढी साधी गोष्ट. अख्खे प्रकरण ज्यावर उभे आहे, ती ही गोष्ट की घरातली बाई सगळ्यांच्या नंतर जेवते. ती लेखकाने लपवलेली नाही, पण आपल्याला ती इतकी सवयीची आहे की दिसत नाही. त्या दिवशी फळ्यावर तक्ता केला. तुमच्या घरी कोण आधी जेवते, कोण शेवटी, आणि शेवटच्या माणसाच्या वाट्याला काय उरते? धानाच्या रोवणीच्या दिवसांत माय सकाळपासून चिखलात वाकलेली असते आणि रात्री तिच्या ताटात भात आणि पाणीदार वरण असते, हे मुलांनी सांगितले. मुलींमधल्या रक्तक्षयाबद्दल आपण शिबिरे घेतो, गोळ्या वाटतो. त्याची एक बाजू या तक्त्यात होती.

त्याच तासाला मागे बसलेला एक मुलगा म्हणाला, ‘आमच्या घरी मीठ कमी झालं तं बाप ताट फेकून देते.’ वर्ग गप्प झाला. इथे मला कार्यकर्त्यांशी आणि शिक्षिकांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. पात्रांबद्दल खरे बोलायला लागलेले मूल एके दिवशी घराबद्दल बोलणार, हे धरून चालायला हवे. त्या वेळी वर्गासमोर त्याला पुढचे प्रश्न विचारायचे नाहीत. ‘सांगितलेस ते बरे केलेस’ एवढे म्हणून पुस्तकाकडे वळायचे आणि नंतर त्याच्याशी एकट्याशी बोलायचे. त्याच्या आईला विचारल्याशिवाय वडिलांपर्यंत काही जाऊ द्यायचे नाही, नाहीतर त्याची शिक्षा तिला मिळते. मुलाला धोका असेल तर १०९८, बाईला मदत हवी असेल तर १८१, हे दोन क्रमांक शिक्षिकेला तोंडपाठ हवेत. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत कसे पोचायचे हे मंडळाच्या बाईला माहीत हवे. शाळा आणि मंडळ यांचा दुवा इथे लागतो. एकट्या शिक्षिकेच्या अंगावर हे टाकता येणार नाही.

त्या मुलाच्या घरी काय बदलले, असे तुम्ही विचाराल. त्याचे वडील बदलले असे मी सांगणार नाही. त्याची आई पुढे दोनदा मंडळात येऊन बसली आणि काही न बोलता गेली. तिसऱ्या वेळी बोलली. काम चालू आहे.

तिसरे प्रकरण कर्जाचे. श्यामच्या घराची एकेकाळची सुबत्ता जाते, कर्ज वाढते आणि सावकाराचा माणूस वसुलीला येऊन बसतो. त्याच्या अपमानकारक बोलण्यावर श्यामची आई आतून बाहेर येते आणि त्याला खडसावते. आमच्या मुलांना हे प्रकरण समजावून द्यावे लागत नाही. गटाच्या कर्जाचा ‘किस्तीचा दिवस’ कोणता, हे चौथीच्या मुलांना ठाऊक असते. त्या दिवशी माय सकाळपासून कशी असते, कुणाकडे उसने मागायला जाते, वसुलीवाला आला की कोणत्या आवाजात बोलते, हे सगळे त्यांनी पाहिलेले असते. फक्त याला कुणी अभ्यास म्हटलेले नसते. इथे मी विचारते, श्यामच्या आईला त्या वेळी राग आला होता की भीती वाटत होती? एका मुलीने लिहिले की राग बाहेरून होता आणि भीती आतून. दहा वर्षांच्या मुलीने लिहिलेले हे वाक्य ‘प्रेमळ, त्यागी, सोशीक’च्या शेजारी ठेवून पाहा. तिला पात्र समजले आहे. मग पुढचा प्रश्न, कर्ज काढताना या बाईला विचारले होते का? पुस्तकात शोधा. आणि घरी जाऊन विचारा की मायच्या नावावरच्या कर्जाचे पैसे कुणाच्या कामाला गेले?

चौथे प्रकरण सगळ्यांत अवघड आहे, आणि मी ते टाळत नाही. ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणात एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडांची मोळी खाली पडते, कुणी उचलून देत नाही. आई श्यामला ती तिच्या डोक्यावर द्यायला सांगते आणि घरी आल्यावर अंघोळ करायला सांगते. त्या काळात, त्या गावात हे धाडसाचे होते, हे मुलांना सांगायला हवे. पण आपल्या जिल्ह्यातल्या वर्गात बौद्ध घरांतली मुले बसलेली असतात. त्यांच्यातला कुणीतरी विचारतोच, ‘मग अंघोळ काहून?’ हा प्रश्न आला की काही शिक्षक घाईने पुढचे पान उलटतात. तसे करू नये. बाई दयाळू होती हे खरे आणि विटाळ मानणारी होती हेही खरे. आपल्याला आवडणारे पात्रही चुकीच्या गोष्टी मानत असते. ज्या मुलाला हे समजते, त्याला पुढे आपल्या घरातल्या मोठ्यांचे काही पटले नाही तरी त्यांच्यावर प्रेम करता येते. आणि प्रेम आहे म्हणून न पटलेले मान्यही करावे लागत नाही.

त्याच तासाला मी मुलांना सांगते की आता मोळीवाल्या म्हातारीच्या बाजूने ही गोष्ट सांगा. पुस्तकात ती थोड्या वेळापुरतीच येते. तिला घाई होती का? ती मोळी विकून तिला काय घ्यायचे होते? तो ब्राह्मणाचा मुलगा आपल्याला शिवल्यावर अंघोळ करणार हे तिला माहीत असेल का? माहीत असेल तर तिला काय वाटले असेल? आमच्या मुलांनी सांगितलेल्या गोष्टींत ती म्हातारी मोहफुले वेचणारी झाली, तेंदूपत्त्याचे पुडे बांधणारी झाली, तिला नाव मिळाले, नातवंडे मिळाली. एका गोष्टीत तर तिने श्यामला विचारले, ‘बाबू, घरी जाऊन आंग धुशीन का?’ पुस्तकाने ज्यांना थोडीच जागा दिली त्यांना मुलांनी जागा दिली. भात कांडायला येणाऱ्या मथुरीच्या प्रकरणाचेही असेच करता येते.

हे काही मी शोधून काढलेले नाही, आपल्याकडे त्याची परंपरा आहे. फुले दांपत्याच्या शाळेतली मुक्ता साळवे ही शाळकरी मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, आणि त्यात तिने धर्मालाच सवाल केले. आपल्या विदर्भातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. पोथ्या-पुराणांत आणि कथा-नाटकांत बायका कशा रंगवल्या जातात, यावर त्यांनी तिखट प्रश्न केले. ‘ही बाई अशी का दाखवली?’ हा प्रश्न आपल्याला परका नाही. तो शाळेच्या स्वाध्यायातून मात्र गळून गेला आहे.

आता काही सूचना, पटतील त्या घ्या.

पहिली, भावनांच्या शब्दांची. मुलांकडे तीनच शब्द असतात, राग आला, वाईट वाटले, आनंद झाला. ओशाळणे, हिरमुसणे, धास्तावणे, घुसमटणे, अवघडणे हे शब्द गोष्टीच्या निमित्ताने द्या. आणि तेवढ्यावर थांबू नका. या भावनेला तुमच्या घरी पोवारीत काय म्हणतात, गोंडीत काय म्हणतात, ते आजीला विचारून यायला सांगा. भिंतीवर कागद लावून ते शब्द लिहीत जा. ज्या मुलाची भाषा भिंतीवर येते ते मूल वर्गात बोलते.

दुसरी, खुर्चीचा खेळ. एका मुलाने खुर्चीवर बसायचे, तो किंवा ती त्या दिवशीचे पात्र. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. मुलगा आई होऊ दे आणि मुलगी सावकाराचा माणूस होऊ दे. दंडारीत पुरुषांनी बाईची कामे करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, त्यामुळे याला कुणी हरकत घेत नाही. फरक एवढाच की इथे बाईची नक्कल करायची नाही, तिच्या जागी बसून उत्तर द्यायचे.

तिसरी, मुलगी मध्यभागी असलेली पुस्तकेही शेजारी ठेवा. श्यामची आई आपल्याला दिसते ती मुलाच्या नजरेतून. ‘तोत्तोचान’ मराठीत आले आहे. ती कादंबरी नाही, लेखिकेच्या बालपणाच्या खऱ्या आठवणी आहेत, पण मुले ती गोष्टीसारखीच ऐकतात. एका शाळेतून काढून टाकलेली ही जपानी मुलगी नव्या शाळेत जाते आणि तिथले मुख्याध्यापक पहिल्या दिवशी तासन् तास तिचे बोलणे ऐकून घेतात. आपल्याला काढून टाकले होते हे तिच्या आईने तिला मोठी होईपर्यंत सांगितले नाही. का सांगितले नसेल? या आईची आणि श्यामच्या आईची तुलना मुले फार छान करतात.

चौथी सूचना आपल्या कार्यकर्त्यांसाठी. मुलांना आपले निष्कर्ष पाठ करायला लावू नका. ‘त्यागी’ खोडून ‘शोषित’ लिहून घेतले, तर आपण फक्त शब्द बदलला. श्यामच्या आईला हसू कशाचे यायचे, तिला कशाचा अभिमान होता, हेही विचारले पाहिजे. नुसती सोसणारी बाई म्हणून तिच्याकडे पाहणे हाही एक साचाच आहे.

आणि पाचवी, वेळेची. रोवणीच्या दिवसांत आणि मोहफुले वेचण्याच्या दिवसांत कितीतरी मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात. तेव्हा शाळेत वाचन ठेवून उपयोग नाही. त्या दिवसांत मंडळाच्या बायकांनी संध्याकाळी कुणाच्या तरी ओसरीवर एक रात्र वाचावी. पुस्तकाची रचनाच त्यासाठी केलेली आहे. मुलींबरोबर त्यांच्या मायाही येऊन बसतात, वाचता न येणाऱ्याही.

अशाच एका ओसरीवरच्या वाचनात मी बायकांना विचारले होते, श्यामच्या आईला काय हवे होते? मुलांनी भराभर उत्तरे दिली, कर्ज फिटावे, मुले शिकावीत. बायका बराच वेळ बोलल्या नाहीत. मग एक जण म्हणाली, ‘आमाले हे कोनी इचारलं नाही, तं तिचं कसं सांगू?’ तिच्या शेजारी बसलेली तिची मुलगी पाचवीत होती. तिने वही उघडली आणि आईला विचारले, ‘मंग सांग ना, तुले का पाहिजे?’

ती यादी मी इथे वाचून दाखवणार नाही, ती त्या दोघींची आहे. तुमच्या गावातल्या वहीत अशी यादी लिहिली जावी यासाठी या जून महिन्यापासून प्रत्येक मंडळाने एक शाळा आणि एक पुस्तक ठरवावे, एवढी विनंती करते आणि थांबते.